मोबाइलचा कॅमेरा बंद पडल्यास

शाळाभेटीच्या वेळी अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते : "साहेब, कॅमेराच उघडत नाही." पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर धरून दीक्षा ॲपवरील पाठ वर्गास दाखविण्याचा प्रघात आता पुष्कळ शाळांतून पडला आहे. मुलांच्या वाचनाचे चित्रीकरणही अनेक शिक्षक जपून ठेवतात. अशा वेळी पडदा काळा झाला की तास तेथेच अडतो. वस्तुतः तो अडण्याचे कारण नाही. क्यूआर कोडलगत सहा अक्षर-अंकांचा एक संकेतांक छापलेला असतो. दीक्षाच्या संकेतस्थळावर तो लिहिला असता तोच पाठ उघडतो. तेव्हा प्रथम तास पुरा करावा आणि कॅमेऱ्याचा विचार शाळा सुटल्यावर, स्वस्थ चित्ताने करावा.

घाईने काय होते ते प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. आमच्या बीटमधील एका द्विशिक्षकी शाळेतील बाईंचा कॅमेरा एके दिवशी बंद पडला. तालुक्याच्या दुकानदाराने मोबाइल हाती घेतला आणि तो सरसकट रीसेट करून दिला. कॅमेरा सुरू झाला. परंतु मोबाइलमधील सारे चित्रीकरण पुसले गेले. त्यात ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील एका मुलीचे पहिले सलग वाचन होते. आई गावी परतल्यावर तिला ते दाखवावयाचे, असे मुलीने बाईंकडून कबूल करून घेतले होते.

पुढे पंधरा दिवसांतच दुसऱ्या एका गुरुजींचा मोबाइल तसाच अडला. पाहतो तो दोष एवढाच, की कॅमेऱ्यास मनाई करणारी कळ चुकून दाबली गेली होती! बाईंच्या मोबाइलचे दुखणेही बहुधा हेच असावे, असा विचार तेव्हा मनात आला आणि फार वाईट वाटले.

ही कळ शिक्षकांनी अवश्य ओळखून ठेवावी. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ या आवृत्तीपासून एका कळीने सर्व ॲपांचा कॅमेरा एकदम बंद करण्याची सोय झाली आहे. ही कळ सेटिंग्जमधील प्रायव्हसी या भागात असते. कित्येक मोबाइलमध्ये पडद्यावरून बोट खाली ओढले असता जी बटणे दिसतात, त्यांतही ती सापडते. मूल मोबाइलशी खेळले की ती सहज दाबली जाते. 'कॅमेरा बंद आहे' अशी सूचना पडद्यावर येतेही, पण ती न वाचताच आपण पुसून टाकतो.

एखादे मूल वाचत नाही असे दिसताच आपण त्यास मंद ठरवीत नाही. त्यास फळा दिसतो की नाही, अक्षरओळख आहे की नाही, की ते केवळ बुजले आहे, हे आधी पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा. ज्यात काही गमावण्याचे भय नाही, ते प्रथम करावे. भिंग मऊ कापडाने पुसावे आणि मोबाइल बंद करून पुन्हा सुरू करावा. दुसरे एखादे ॲप कॅमेरा अडवून बसले असेल, तर एवढ्यानेही तो मोकळा होतो. मग मोबाइलचा मूळ कॅमेरा उघडून पाहावा. तो चालत असून केवळ दीक्षा ॲपमध्ये अडत असेल, तर त्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी दिलेली नाही असे बहुधा आढळेल. ती सेटिंग्जमधून देता येते. मूळ कॅमेराही उघडत नसेल, तर वर सांगितलेली कळ पाहावी, साठवणीची जागा भरली आहे काय ते पाहावे आणि कॅमेरा ॲपची कॅशे साफ करावी. कॅशे साफ केल्याने छायाचित्रे जात नाहीत. शिक्षक या शब्दाला उगाच भितात.

याउपरही सेल्फीचा कॅमेरा चालतो, पण मागचा मात्र प्रत्येक ॲपमध्ये काळाच राहतो, असे दिसल्यास दोष बहुधा आतील जोडणीत किंवा भिंगात समजावा. मोबाइल पडला असता असे घडते. मोटारसायकलच्या दांडीवर मोबाइल अडकवून वाडीवस्तीवर जाणाऱ्या गुरुजींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने आपल्या आयफोनविषयी २०२१ साली दिला होता. अशी यंत्रणा इतर पुष्कळ मोबाइलांतही असते. तेव्हा मोबाइल खिशात किंवा पिशवीत ठेवणे बरे. पावसाळ्यात भिंगाच्या आत वाफ धरल्यास मोबाइल बंद करून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. चुलीजवळ किंवा उन्हात तापवू नये.

रीसेट हा अगदी शेवटचा उपाय होय. तत्पूर्वी सर्व छायाचित्रे व चित्रीकरण शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, आणि उतरवलेली एखादी चित्रफीत तेथे उघडून पाहावी. कॅमेरा बंद असला तरी जुने चित्रीकरण मोबाइलमध्ये शाबूत असते. दुरुस्तीस देताना मेमरी कार्ड काढून घ्यावे, माहिती पुसावी लागेल काय हे आधीच विचारावे आणि आपणांस विचारल्यावाचून ती पुसू नये असे पावतीवर लिहून घ्यावे.