स्लॅबमध्ये गाडलेला बेंड

पीव्हीसी पाइप चुकीचा वाकवला, तरी त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. स्लॅब भरला जातो, सेंटरिंग निघतं, प्लॅस्टर होतं आणि काही महिन्यांनी वायर ओढायची वेळ आली की मग बोंब होते. तोवर पाइप टाकणारा बहुधा दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. वायरिंग चांगलं की वाईट, हे माझ्या मते स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळीच ठरून गेलेलं असतं. नंतरचे महागडे स्विच आणि नामांकित वायर त्यात फारशी भर घालत नाहीत.

नाशिकबाहेरच्या एका बंगल्यावर मला बोलावलं ते असंच, मधूनच. आधीचा ठेकेदार काम सोडून गेलेला. हॉलच्या फॅन बॉक्समधून बोर्डाकडे वायर उतरत नव्हती. फिश वायर घातली की बीमच्या जरा खाली अडकायची. तिथल्या पोरांनी साबणाचं पाणी लावून, जोर लावून एक वायर कशीबशी पार केली होती. ती मी परत बाहेर काढायला लावली, तर एका बाजूचं इन्सुलेशन खरवडून आतलं तांबं दिसत होतं. ती तशीच राहिली असती, तर पहिल्या पावसाळ्यात पाइपात ओल उतरताच आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पडणारा स्विच, पडायला लागला असता आणि घरच्यांनी फ्रीजला दोष दिला असता.

बीमखालचं प्लॅस्टर फोडून पाहिलं. पाइप स्लॅबमधून भिंतीत उतरतो तो काटकोन नेमका तिथेच होता. पाइप लाइट क्लासचा, पातळ. स्प्रिंग न घालताच दाबलेला, आणि बाहेरून काळवंडला होता त्यावरून आगीवर शेकलेला. आतल्या बाजूला घडी पडलेली, घडीला चीर गेलेली आणि त्या चिरेतून शिरलेलं सिमेंटचं पाणी आत दगड होऊन बसलेलं. बीम फोडायचा प्रश्नच नव्हता. वायरसाठी बीमला छिन्नी लावणारा माणूस मी साइटवर ठेवत नाही. शेवटी नव्याकोऱ्या भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पट्टी न्यावी लागली. ती पडद्याआड लपेल का, एवढंच मालक विचारत राहिले.

पाइप वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आखडते. आखडलेल्या बाजूला जायला जागा नसते, म्हणून ती पोकळीत घुसते. गोल पाइप आधी लंबगोल होतो, मग एकदम घडी पडते. बेंडिंग स्प्रिंग आतून आधार देते ती एवढ्यासाठीच. पण स्प्रिंग त्या पाइपाचीच हवी. आपल्याकडे 20 किंवा 25 मि.मी. म्हणतात तो पाइपाचा बाहेरचा व्यास. लाइट, मीडियम आणि हेवी, तिन्हींचा बाहेरचा व्यास एकच असतो. जाडी वाढते तसं आतलं भोक लहान होतं. म्हणून लाइट क्लासची स्प्रिंग हेवी पाइपात एकतर जात नाही, नाहीतर गेल्यावर अडकते. उलट हेवीची स्प्रिंग लाइटमध्ये सैल पडते आणि पाइप चपटा होतोच. स्लॅबमध्ये लाइट क्लास टाकूच नये. वरून कामगार चालतात, घमेली आपटतात, व्हायब्रेटर फिरतो.

बेंड टोकापासून लांब असेल तर स्प्रिंगला दोरी बांधावी आणि स्प्रिंगचा मध्य बेंडच्या जागी येईल एवढी ती आत सोडावी. मग पाइप गुडघ्याला लावून, हात लांब धरून, सावकाश वाकवावा. झटका देऊ नये. हात सोडला की पाइप थोडा उघडतो, म्हणून हव्या त्या कोनापेक्षा किंचित जास्त वाकवावा. स्प्रिंग निघेना तर ओढाताण न करता तिचे वेढे आवळले जातील त्या दिशेला पिळावी. ती बारीक होऊन सुटते. वाकवलेला पाइप सरळ करून त्याच जागी पुन्हा वाकवायचा मोह टाळावा. तिथे पांढरट पट्टा दिसला की तेवढा तुकडा कापून टाकायचा. तुकड्याची किंमत ती काय!

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे हाडं गोठतात, तेव्हा पीव्हीसीही कडक होतं आणि वाकवताना तडकतं. अशा वेळी पाइप उन्हात ठेवावा, नाहीतर बेंडची जागा कापडाने खसाखसा घासून कोमट करावी. 25 मि.मी.च्या वरच्या पाइपाला उष्णता द्यावीच लागते. ती हीटगनने, पाइप फिरवत फिरवत, स्प्रिंग आत ठेवून द्यावी आणि थंड होईपर्यंत पाइप धरून ठेवावा. पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. त्याला ज्वाळेची गरजच नसते. जळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, जो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो.

बेंडची त्रिज्या 7.5 से.मी.पेक्षा कमी नसावी, आणि एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत चार काटकोनांहून जास्त वळणं नसावीत. पाचवं लागत असेल तर मधे जंक्शन बॉक्स घालावा. आर्किटेक्टला छतावर झाकण नको असतं, हे मला ठाऊक आहे; तरी घालावा. स्लॅबमध्ये तयार एल्बोवर भागवू नये, त्यातून वायर वळत नाही.

कारखान्यांत लोखंडी कंड्यूट वाकवणाऱ्यांना एकच सांगतो. वेल्डिंगची शिवण बेंडच्या आत किंवा बाहेर न ठेवता बगलेला ठेवा, तिथे ताण सगळ्यात कमी असतो.

घरमालकांनी स्लॅबच्या आदल्या दिवशी वर चढावं. प्रत्येक पाइपातून वायरमनला फिश वायर आरपार घालायला लावावी. स्लॅबमधून भिंतीत उतरणाऱ्या प्रत्येक बेंडवर हात फिरवावा, चपटेपणा बोटांना लगेच कळतो. पाइप बाइंडिंग तारेने सळईला बांधलेत का, जोडांना सोल्यूशन लावलंय का, उघडी तोंडं बंद केलीत का, हे पाहावं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. काँक्रीटवाले सकाळी आले की त्यांना पाइपांवरून घमेली नेण्याऐवजी फळ्या टाकायला सांगावं, आणि पहिला तास वायरमनला वरच थांबवून घ्यावं.