परतीचा शिक्का

पुणे-सातारा महामार्गावर, जिथून एक रस्ता भोरला आणि दुसरा सासवडला फुटतो, त्या कापूरहोळमध्ये आत्याचं घर आहे. टेक्सासात सॉफ्टवेअरचं काम करणारी भाची सध्या आत्याकडं मुक्कामाला आहे. तिला मुंबईतून अमेरिकेचा नवा व्हिसा घ्यायचा आहे.

आत्या: नोकरी चालू आहे म्हणतेस आणि व्हिसा संपला म्हणतेस. मग इतके दिवस तिथं राहू कसं दिलं तुला?

भाची: राहायला व्हिसा लागत नाही आत्या, आत शिरायला लागतो. आत घेताना अधिकारी नोंद करतो, अमुक तारखेपर्यंत राहा म्हणून. त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. कंपनीनं माझं एच-वन-बी, म्हणजे तिथं नोकरी करायची परवानगी, वाढवून घेतलं, तेव्हा मंजुरीच्या कागदासोबत नवी आय-९४ही आली. त्यामुळं राहणं आणि काम करणं, दोन्ही कायदेशीर. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना पासपोर्टात चालू व्हिसा पाहिजे.

आत्या: खेड शिवापूरच्या टोलसारखं म्हण की. नाका ओलांडायचे पैसे, पुण्यात राहायचे नाहीत.

भाची: तसंच. म्हणून कितीतरी जण व्हिसा संपल्यावरही तिथं बिनघोर नोकरी करतात, पण गावी यायची हिंमत करत नाहीत. घरी कुणी आजारी पडलं तरी आधी मनात येतं, स्टँपिंगचं, म्हणजे नव्या व्हिसाच्या शिक्क्याचं काय?

आत्या: मग तिथल्या तिथं का नाही मारून देत शिक्का?

भाची: पूर्वी द्यायचे. पासपोर्ट टपालानं परराष्ट्र खात्याकडं पाठवायचा, नवा व्हिसा लागून परत यायचा. जुलै २००४ मध्ये ते थांबलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ साली कायदा झाला, व्हिसासाठी बोटांचे ठसे घ्यायचे ठरलं, आणि ठसे काही टपालानं घेता येईनात. पुढं २०२४ मध्ये २९ जानेवारी ते १ एप्रिल एक प्रयोग झाला. ज्यांचे ठसे आधीच घेतलेले होते, अशा २०,००० जणांसाठी तिथल्या तिथं नूतनीकरण. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता. माणूस तोच, नोकरी तीच, ठसे सरकारजवळ आहेत, मग त्याला समुद्र ओलांडायला कशाला लावायचं? पण तो कायमचा झाला नाही.

आत्या: काही जण कॅनडाला जाऊन शिक्का घेऊन येतात म्हणे?

भाची: घ्यायचे. टोरोंटो, व्हँकुव्हर, नाहीतर मेक्सिकोत तिहुआना, सिउदाद हुआरेझ. हुआरेझ तर आमच्या टेक्सासातल्या एल पासोच्या समोरच, मध्ये फक्त रिओ ग्रांदे नदी. भारतात यायचं तर रजा, तिकिटं, पोरांची शाळा, सगळंच मोडतं. सीमेपलीकडं चार-सहा दिवसांत काम उरकायचं. कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, तरी लोक जायचे.

आत्या: आणि तिथं नाही म्हणाले तर?

भाची: तिथंच तर सगळा घोर आहे. अमेरिकेचा एक चांगला नियम आहे. व्हिसा संपलेला असला, पण आय-९४ चालू असली, तर ३० दिवसांपर्यंत कॅनडा किंवा मेक्सिकोत राहून परत येता येतं. मात्र तिकडं असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ही सवलत गेली. १ एप्रिल २००२ पासून तसं आहे. त्याआधी नकार मिळाला तरी जुन्या हक्कानं परतता यायचं.

आत्या: म्हणजे नुसतं फिरून आलं तर दार उघडं, आणि व्हिसा मागितला तर बंद?

भाची: मिळेपर्यंत बंद. थेट नकारच लागतो असंही नाही. खिडकीवर एक कागद देतात, त्यावर कलम २२१-जी. अजून तपासणी बाकी आहे, एवढाच अर्थ. ती आठवड्यात संपेल की महिन्यांनी, सांगता येत नाही. अमेरिकेतलं घर नदीपलीकडं दिसत असतं आणि माणसाला विमान पकडावं लागतं भारताचं. हा धोका पत्करूनही लोक जायचे, यावरून मायदेशी येणं किती अवघड करून ठेवलंय ते कळतं.

आत्या: जायचे, जायचे म्हणतेस. आता नाही जात?

भाची: ६ सप्टेंबर २०२५ ला त्यांच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं, अर्ज करायचा तर आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशात. आम्ही राहतो अमेरिकेत, तिथं व्हिसा मिळत नाही. उरला भारत.

आत्या: आणि एच-वन-बीच्या त्या लाख डॉलर फीचं काय? तुला भरायचेत?

भाची: नाही. ते २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांना, बाहेरून येणाऱ्यांसाठी. माझी मंजुरी आधीची. मला व्हिसाची फी, २०५ डॉलर.

आत्या: मुंबईत करायचं काय असतं?

भाची: आधी डीएस-१६० फॉर्म ऑनलाइन. मग एक दिवस ठसे-फोटो, आणि नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. काचेपलीकडून विचारतात, कंपनी कोणती, काम काय, पगार किती. पाच मिनिटांत आटपतं. पासपोर्ट त्यांच्याकडं राहतो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बीवाल्यांची समाजमाध्यमंही तपासतात, खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात. त्या तपासणीपायी भारतातल्या कितीतरी मुलाखती एकदम पुढं गेल्या, काहींच्या मार्च २०२६ च्याही पलीकडं. माणसं सुट्टीला म्हणून आली होती, ती इथंच अडकली.

आत्या: एकदा मिळाला की सुटलीस ना?

भाची: मंजुरी एका वेळी तीन वर्षांच्या वर मिळत नाही. ग्रीन कार्ड झालं तर सुटले. पण त्यात एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, आणि भारतीयांची रांग केवढी! तोवर दर खेपेला हेच.

आत्या: आपल्या आळीतला पोरगा आहे ना तिकडं, भावाच्या लग्नाला येणार म्हणतोय. त्याची आई मुहूर्त काढायला निघालीय.

भाची: त्याच्या व्हिसाची तारीख आधी विचार. चालू असेल तर खुशाल येऊ दे. संपला असेल तर पहिल्यांदा मुलाखतीची तारीख, मग लग्नाची. आणि परतीचं तिकीट बदलता येईल असंच घे म्हणावं. तारीख पुढं गेली तर काय, हे इकडं यायच्या आधीच कंपनीशी बोलून ठेवायचं. भारतातून काम करू देतील का, किती दिवस, सगळं लेखी.

आत्या: आणि कॅनडाचं कुणी सुचवलं तर?

भाची: फिरायला जा म्हणावं, अर्ज करू नको.