कविता मोठी की कवी?

बोलिंगेन पारितोषिक हा अमेरिकन कवींचा मोठा मान. पण त्याची सुरुवातच वादाने झाली! १९४९ साली ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या परीक्षकांनी पहिलं पारितोषिक एझरा पाउंड यांच्या ‘पिसान कँटोज’ला दिलं. पाउंड तेव्हा वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रेडिओवरून त्यांनी फॅसिस्टांची बाजू घेतली, ज्यूंविरुद्ध विष ओकलं. म्हणून त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप होता. परीक्षक म्हणाले, आम्ही फक्त काव्यगुण पाहिले. लोक खवळले. त्याच वर्षी लायब्ररीला पारितोषिक बंद करावं लागलं. १९५० पासून ते येल विद्यापीठाचं ग्रंथालय देतं.

आपल्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त सीट नंबर. कविता तशी तपासता येईल? मला तरी नाही वाटत. तुम्ही परीक्षक असता तर?