गोठलेले वायपर
प्रश्न : रात्रभर गाडी उघड्यावर असते. सकाळी वायपर काचेला चिकटतात, मोटर नुसती गुरगुरते. काय करावे? – एक वाचक, कॅलगरी

उत्तर : रात्री गाडी बंद करण्यापूर्वी वायपरचा ‘ऑटो’ मोड आणि आरसे आपोआप मिटण्याची सोय बंद करा. नाहीतर सकाळी गाडी सुरू होताच मोटर गोठलेले वायपर ओढू लागते. फ्यूज उडतो किंवा रबर फाटते. आधी डीफ्रॉस्टर लावून काच मोकळी होऊ द्या. दारे-खिडक्यांच्या रबराला सिलिकॉन ग्रीस चोळा. खिडकी अडली तर बटण दाबत बसू नका, आतली केबल तुटू शकते. वॉशरमध्ये उणे 40 अंशांपर्यंत न गोठणारा द्रव भरा. काचेवर गरम पाणी मात्र कधीही ओतू नका, ती तडकू शकते.