बर्फाचे संत आणि टोमॅटोची रोपे



आपल्या धर्मग्रामातील काही मुली परिचारिका म्हणून जर्मनीत स्थायिक झाल्या आहेत. त्यांपैकी एकीची आई मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्हांला भेटली. मुलीने महिनाभर खिडकीत जपलेली टोमॅटोची रोपे छान ऊन पाहून बाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाने पांढरी पडून करपली. “फादर, त्या दिवशी थंडी नव्हती, मग चुकलं काय?” असा त्या माउलीचा प्रश्न. बव्हेरियातील एका धर्मग्रामात सेवेला असताना हीच चूक आम्हीही केली होती व तीस रोपे घालवली होती. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

तिकडे मे महिन्यात ‘बर्फाचे संत’ येतात. ११ मे संत मामेर्तुस, १२ संत पँक्रस, १३ संत सर्वेशियस, १४ तार्ससचे संत बोनिफेस आणि १५ मे संत सोफिया. (जर्मनीचे प्रेषित संत बोनिफेस ते निराळे, त्यांचा सण ५ जूनला.) उत्तरेकडे मामेर्तुसपासून मोजतात, दक्षिणेत पँक्रसपासून. ‘थंड सोफी’ गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावायचे नाही, असा तेथील जुन्या लोकांचा दंडक.

हे संत थंडी आणतात असे मात्र कोणी समजू नये. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढाच तो संबंध. शिवाय १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारताना दहा दिवस वगळले. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. सणांच्या तारखा त्याच राहिल्या, ऋतू काही सरकला नाही. म्हणजे हा दंडक त्याआधीचा असेल, तर आजच्या हिशेबाने ते दिवस मेच्या अखेरीकडे जातात. थंडी तारीख पाळत नाही. २०१७ साली एप्रिलच्या उत्तरार्धातच कडाका पडून जर्मनीत फळबागा व द्राक्षमळ्यांचे मोठे नुकसान झाले होते.

आता रोपांकडे वळू. खिडकीत वाढलेले रोप उंच, पण लुसलुशीत असते. काचेआड त्याला वारा लागलेला नसतो, उन्हातील अतिनील किरणेही पुरेशी मिळालेली नसतात. म्हणून पानावरचा मेणासारखा थर पातळ राहतो. असे रोप एकदम बाहेर गेले की ऊन पान भाजते आणि वारा मुळांना पुरवता येणार नाही इतके पाणी ओढून घेतो. आम्ही सारे लक्ष थर्मामीटरवर ठेवले होते, उन्हाचा विचारच केला नव्हता.

आपल्या वाडीतले शेतकरी वाफ्यातील रोप लावणीआधी काही दिवस पाणी कमी करून काटक करतात. तिकडे हेच काम जरा लांबते, आठ ते दहा दिवस. पहिल्या दिवशी सावलीत, वारा अडेल अशा जागी एक-दोन तासच ठेवावे. मग रोज थोडा वेळ वाढवावा. ऊन द्यायचे ते आधी सकाळचे कोवळे. रात्री रोपे घरात. पाणी थोडे कमी करावे, पण मान टाकू देऊ नये. या दिवसांत युरिया मुळीच नको, त्याने रोप आणखी लुसलुशीत होते.

कोबी, कांदा, लेट्यूस ही काटक झाल्यावर हलके हिव सोसतात. टोमॅटो, मिरची, काकडी यांना मात्र हिव दूरच, १० अंशांखालची रात्रसुद्धा मानवत नाही. आणि आकाश निरभ्र, वारा पडलेला असेल त्या रात्री विशेष जपावे. जमिनीतील ऊब वर निघून जाते. हवामान खाते ३ अंश सांगत असताना जमिनीलगत बर्फ धरू शकतो. अशा वेळी काठ्या रोवून वर जुनी चादर टाकावी, ती पानांना टेकू देऊ नये व सकाळी न विसरता काढावी.

त्या माउलीने फोनवर मुलीला विचारले, तेव्हा कळले की चार रोपांचे शेंडे अजून हिरवे आहेत. करपलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत. पण शेंडा जिवंत आहे तोवर ती रोपे उपटू नयेत, असा निरोप आम्ही पाठवला आहे.