सदाफुलीची घरगुती लागवड

आपल्या उज्जयिनीत पाण्याची चिंता नवी नाही. उन्हाळ्यात शिप्रेचा प्रवाह क्षीण होतो. यास्तव २०१४ साली नर्मदेचे पाणी जलवाहिनीने उचलून शिप्रेत आणावे लागले. अशा गावी ज्या गृहस्थास गच्चीवर अथवा अंगणात चार फुलझाडे राखावयाची असतील, त्याने झाड निवडतानाच पाण्याचा हिशेब मांडावा. या हिशेबात सदाफुलीच्या तोडीची झाडे थोडीच आहेत. आपल्या हिंदीभाषी शेजाऱ्यांची सदाबहार ती हीच. ही मूळची मादागास्कर बेटातील असून कण्हेर व चाफा यांच्याच कुळातील आहे.

तथापि पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. विकत आणलेली सदाफुली वैशाखातील ऊन सोसते आणि ऐन श्रावणात मान टाकते. इकडे जुन्या वाड्याच्या भिंतीतील फटीत, जेथे कोणी तांब्याभर पाणीही घातलेले नसते, तेथे तीच वनस्पती वर्षानुवर्षे फुलते. असे का व्हावे?

याचे उत्तर मातीत आहे. माळव्याची काळी माती कापसाला व गव्हाला उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. सदाफुलीच्या मुळांना मात्र पाण्याइतकीच हवाही लागते. वर्षाचा बहुतेक पाऊस आपल्याकडे चार महिन्यांत पडतो. त्या काळात काळी माती फुगते, तिच्यातील हवेच्या वाटा बुजतात आणि फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोग मुळांस व खोडास कुजवितो. पाने मरगळलेली पाहून घरची मंडळी आणखी पाणी घालतात, आणि झाडाचा शेवट जवळ येतो. भिंतीच्या फटीत पाणी थांबतच नाही, हेच तेथील रहस्य होय.

म्हणून कुंडी भरताना एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे. विटांचा बारीक चुरा मिळाल्यास तोही मिसळावा. विटांचे तुकडे केवळ तळाशी अंथरण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्याने विशेष लाभ होत नाही. पाणी त्या थराच्या वर मातीतच अडून राहते. छिद्रावर एक खापरी ठेवणे पुरे, बाकीचा चुरा सर्व मातीत मिसळलेला असावा.

बी घरच्या झाडाचेच धरावे. प्रत्येक फुलामागे सुमारे एक इंच लांबीच्या बारीक शेंगांची जोडी धरते. हिरवी शेंग तोडून उपयोग नाही. ती पिवळसर तपकिरी होईपर्यंत थांबावे. फार थांबल्यास मात्र शेंग उकलून बारीक काळे बी जमिनीवर सांडते. शेंगेभोवती मलमलीची चिंधी सैल बांधून ठेवली की बी वाया जात नाही. ते सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे. फाल्गुन-चैत्रात माती उबदार झाली की पेरावे. या बियाला उगवण्यासाठी अंधार हवा असतो. अनेकांचे बी वरच्यावर टाकल्यामुळेच उगवत नाही. बियावर पाव इंच माती पसरून कुंडीवर जाड कागद झाकावा आणि रोज उचलून पाहावे. एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसताच कागद काढून टाकावा. चार-सहा पानांचे रोप स्वतंत्र कुंडीत लावावे व पुढे एकदा शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी मुळे धरली की निम्मे काम झाले.

बियापासून फुलाचा रंग हुबेहूब उतरेलच असे नाही, विशेषतः बाजारातील संकरित जातींत. आवडता रंग राखावयाचा तर फांदी लावावी. फूल व कळी नसलेली तीन-चार इंचांची कोवळी पण लवचिक फांदी पेराच्या खाली कापावी, खालची पाने काढावीत, चीक धुऊन ओल्या रेतीत खोचावी. पावसाळ्यातील दमट हवा यास अनुकूल असते. मात्र कुंडी वळचणीखाली असावी, उघड्या पावसात नव्हे. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. ज्यांच्या मनास फांदी कापणे रुचत नाही, त्यांना बियाचा मार्ग मोकळाच आहे. ते पिकून गळणारच असते.

कुंडीतील मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावरच पाणी द्यावे. वैशाखात कुंडीस ते वारंवार लागेल, जमिनीत रुजलेल्या झाडास पुष्कळ कमी.

एक गोष्ट घरातील मुलांना व वडीलधाऱ्यांना अवश्य सांगावी. गाईगुरे या झाडास सहसा तोंड लावीत नाहीत, कारण ते विषारी आहे. मधुमेहावर याची पाने चावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. मधुमेहाच्याच औषधाचा शोध घेताना कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांना याच्या पानांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटविणारे द्रव्य सापडले, आणि १९५८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. व्हिनब्लास्टिन हे ते द्रव्य, आणि याच झाडातील व्हिनक्रिस्टिन, ही दोन्ही कर्करोगावरील औषधे आहेत. डॉक्टर ती अत्यल्प मात्रेत व देखरेखीखाली देतात. पानातील मात्रा घरी कोण मोजणार?

पौष-माघात रात्री गारठा वाढला की झाड वाढावयाचे थांबते व पाने पिवळी पडतात. तेव्हा खत घालू नये, पाणी कमी करावे, कुंडी दक्षिणेच्या उन्हात ठेवावी. फाल्गुनात लांबलेल्या फांद्या एकतृतीयांश छाटल्या की नवी पालवी फुटते.