व्यवसायोपचार म्हणजे नुसता विरंगुळा नव्हे

माझ्या खोलीच्या दारावर ‘व्यवसायोपचार विभाग’ अशी पाटी आहे. ती वाचून आजवर कितीतरी जण आत डोकावले. कुणी कर्जाचा अर्ज मागितला, कुणी शिवणकामाचा वर्ग इथेच भरतो का म्हणून विचारले. हसू येते, पण दोष त्यांचा नाही. नावच तसे आहे.

इथे ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा किंवा नोकरी नव्हे. माणूस सकाळी उठल्यापासून जे जे स्वतः करतो, ते सगळे त्यात येते. दात घासणे, आंघोळ, सदऱ्याची बटणे लावणे, जेवणे, स्वयंपाक, धार काढणे, दुकानात बसणे, शाळेत लिहिणे, हा सगळा व्यवसायच. आजाराने किंवा अपघाताने यातले काही हातून सुटले, तर ते पुन्हा हाताशी आणून देण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार.

याची किंमत लोकांना का कळत नाही, हे मला एका मावशींनी शिकवले. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. रुग्णालयातून सुटल्यावर मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मी त्यांना लाकडी खुंट्या भोकांत बसवायला दिल्या, मोठे मणी ओवायला दिले. चार दिवस मुलाने पाहिले आणि पाचव्या दिवशी म्हणाला, ‘मॅडम, आईला काय बालवाडीत घातलंय का? गोळ्या असतील तर द्या.’ त्यानंतर ते आलेच नाहीत.

तीन महिन्यांनी आले ते खांदा धरून. घरातली माणसे मायेने सगळे करत होती. सून भरवत होती, मुलगा अंथरुणावरून उठवताना त्याच लुळ्या हाताला धरून ओढत होता. खांदा दुखून आखडला होता. मावशी बोलायच्याही कमी झाल्या होत्या.

त्या तीन महिन्यांतला थोडा दोष माझाही होता. मणी का ओवायचे, हे मी सांगितलेच नव्हते. बोटांच्या चिमटीत ताकद आली की बटण लागते, घास उचलता येतो, हे मला ठाऊक होते. त्यांना कसे ठाऊक असणार? या वेळी मी आधी विचारले, ‘मावशी, तुम्हाला काय करायचंय?’ त्या म्हणाल्या, ‘भाकरी. सुनेच्या हातचं खाऊन मेल्यासारखं वाटतंय.’ सून शेजारीच होती. ती रागावली नाही, उलट डोळे पुसू लागली.

मग भाकरी हेच औषध ठरले. आधी खांद्याचे दुखणे कमी करणे, त्यासाठी फिजिओथेरपिस्टची मदत. पुढे परातीखाली ओले फडके घातले, म्हणजे परात सरकत नाही. उजवा हात परातीच्या काठावर टेकवायचा, डाव्याने पीठ मळायचे. हळूहळू उजवाही पिठात घालायचा. तव्याचे काम मात्र सुनेकडेच ठेवले, कारण त्या हाताला चटका नीट कळत नव्हता. काही महिन्यांनी जी भाकरी झाली ती जाड, एका बाजूला कललेली. हात पूर्वीसारखा झाला नाही, तसे मी कधी सांगितलेही नव्हते. पण मावशी स्वतःच्या हाताने जेवू लागल्या, लुगडे नेसताना एवढीशीच मदत घेऊ लागल्या.

वाचक विचारतील, मग फिजिओथेरपिस्ट काय करतात? ते स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल आणि चालणे यांवर भर देतात. ती ताकद रोजच्या कामात कशी उतरेल, हे आम्ही पाहतो. दोन्ही उपचार एकमेकांना पूरक आहेत. अर्धांगवायूखेरीज सेरेब्रल पाल्सीची मुले, हाताच्या जखमा, भाजल्याने आखडलेले सांधे, संधिवात, कुष्ठरोगाने आलेले व्यंग, मानसिक आजार यांतही व्यवसायोपचाराचा उपयोग होतो.

घरात अर्धांगवायूचा रुग्ण असेल तर एवढे लक्षात ठेवावे :

(१) लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये.

(२) कपडे घालताना अधू हात आधी बाहीत घालावा, काढताना शेवटी काढावा.

(३) चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड करावा, पकड सोपी होते. ताटली उंच काठाची घ्यावी.

(४) न्हाणीघरात बसायला न घसरणारे स्टूल ठेवावे. वाटेतली सैल सतरंजी उचलावी.

(५) रुग्णाला जे जमते ते त्यालाच करू द्यावे. वेळ लागला तरी हात पुढे करू नये.

आणि अचानक तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तेल-मालिशीत वेळ न दवडता रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. आमचे काम त्यानंतरचे.

हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी ते उभे केले. १९५२ मध्ये या उपचारकांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने या शाखेसाठी आणि फिजिओथेरपीसाठी राज्य परिषद आली. तेव्हा उपचार घेण्यापूर्वी उपचारकाची पदवी व नोंदणी जरूर विचारावी, त्यात संकोच नको.

शस्त्रक्रियेचा टाका दिसतो, गोळीची पुडी हातात येते. आमच्या उपचाराचे असे दाखवण्यासारखे काही नसते. एखादा माणूस आपला घास आपण खातो, एवढेच दिसते. पण ज्याला तीन महिने दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावे लागले आहे, त्याला त्या घासाची किंमत विचारून पाहा.